संतरामचं जळतण

परवा चावडीपुढे सत्कार झाला. निजामाचं राज्य जाऊन तीन महिने होत आले, त्यामुळे सध्या सत्कारांचे दिवस आहेत. रझाकारांच्या वर्षात हद्दीच्या नाक्यापलीकडं पळून गेलेल्यांचा कॅम्प ज्यांनी चालवला, त्यांना बाहेरगावच्या पाहुण्याच्या हातून हार आणि नारळ मिळाले. पहिला हार विष्णुपंत जोशांना. ते कॅम्पचे प्रमुख होते हे मला त्या दिवशी कळलं. कॅम्पात ते मला कायम वाटपाच्या ज्वारीजवळ बसलेले दिसायचे. मग आणखी सहा नावं पुकारली, त्यात माझंही होतं. मी उठलो, मान वाकवली आणि हार घालून घेतला. संतरामचं नाव कोणी घेतलं नाही. मीही गप्प राहिलो. माझी बोलायची वेळ आश्विनात येऊन गेली होती आणि तेव्हा मी बोललो होतो. काय बोललो ते इथं लिहून ठेवतो, कारण गावात ते आता कोणी काढणार नाही.

संतराम आमच्याच गावचा कुणबी, माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठा. आमचं गाव कनेरगाव नाक्यापासून दोन कोसांवर. घरची बरड जमीन थोरल्या भावाच्या वाट्याला गेली आणि संतराम हिंगोलीच्या दवाखान्यात नोकर लागला. झाडलोट करायची, पट्ट्या धुवायच्या, सुया आणि भांडी उकळायची. ते उकळणं त्याच्या अंगात इतकं भिनलं की सुटीवर गावी आला तरी पाणी चुलीवर चढवल्याशिवाय तोंडाला लावायचा नाही. गाव त्याला ‘उकळ्या’ म्हणायचं. मीही म्हणायचो.

पण तो शहाणा जन्माला आला नव्हता. छत्तीस-सदतीस सालच्या उन्हाळ्यात गावात पटकी आली तेव्हा तो घरीच होता आणि त्याची बायको नर्मदाबाई पडली. आमच्याकडं पिढ्यान् पिढ्या एक गोष्ट पक्की ठरलेली होती, की पटकीच्या माणसाला पाणी पाजायचं नाही. पाणी पोटात गेलं की तेवढंच बाहेर पडतं आणि माणूस जातो. हिंगोलीचे डॉक्टरसाहेब याच्या उलट करायचे हे संतरामनं डोळ्यांनी पाहिलं होतं. पण दवाखान्यातलं खरं घराच्या उंबऱ्याआत खरं वाटत नाही. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी दटावलं आणि त्यानं पाण्याचा घडा उचलून आढ्याला टांगला. नर्मदाबाई दिवसभर त्या घड्याकडं बघत पाणी मागत राहिली आणि दिवेलागणीला गेली.

त्याच दिवशी शेजारची मंजुळाबाई, जिला पोरांनी मेली समजून गोठ्यात टाकलं होतं, ती सरपटत बैलांच्या हौदापर्यंत गेली आणि पोट फुटेस्तोवर पाणी प्याली. म्हातारी वाचली. अजून आहे, अजून सुनांना शिव्या देते. संतराम पुढं कित्येक दिवस तिच्या ओट्यावर जाऊन नुसता बसायचा. तिला वाटायचं, बायको गेल्यानं पोराच्या डोक्यावर परिणाम झाला. त्यानं दुसरं लग्न केलं नाही.

गेल्या पौषात रझाकार गावात आले. माझा धाकटा भाऊ सोनाजी खळ्यावर राखणीला होता. त्याला तिथंच ठार मारलं आणि ज्वारीची गंजी पेटवली. त्याला अग्नी देऊन आम्ही निघालो ते थेट नाका ओलांडून वऱ्हाडात. तिथल्या एका गावानं आपल्या आमराईत बसू दिलं, अट एवढीच की झाडाच्या फांदीला हात लावायचा नाही. वाशिमकडची माणसं ज्वारी, डाळ, घोंगड्या आणून द्यायची. हळूहळू साठ-सत्तर घरं जमली. संतरामही नोकरी सोडून आला. येताना हिंगोलीहून कापसाची गुंडाळी, आयोडिनची बाटली आणि एक चिमटा घेऊन आला. तेवढ्यावर त्यानं आमराईच्या टोकाला घोंगडी बांधून दवाखाना मांडला. पायाला काटा लागलेल्यापासून बाळंतिणीपर्यंत सगळे तिथंच.

वैशाखात ओढा आटून डबकी राहिली आणि पटकी आली. सहा दिवसांत नऊ माणसं गेली. सुया टोचायला एक जण आला, पण औषध थोडं होतं. ते आधी विष्णुपंतांच्या घरच्यांना टोचलं आणि मग संपलं. संतराम मात्र पेटून उठला होता. ज्वारी शिजवायची मोठी देग त्यानं मागून घेतली आणि तीत दिवसभर पाणी उकळत ठेवलं. मीठ घातलेली तांदळाची पेज आणि उकळून गार केलेलं पाणी घेऊन तो पालापालांतून फिरायचा. बाया त्याला बघून पदर आडवा धरायच्या, पाणी पाजून मारायला आला म्हणून. तो एकेकीचे हात बाजूला करायचा. तिथं त्याची भीड मेली होती.

त्याला एकच गोष्ट कमी पडत होती, जळतण. झाडाला हात लावायचा नाही, काटक्या संपलेल्या, शेणी तर केव्हाच संपलेल्या. देग दिवसातून एकदाच कशीबशी उकळायची. तेवढं पाणी सत्तर घरांना काय पुरणार? उरलेली माणसं डबक्यावर जायची.

एका मंगळवारी भर दुपारी हलगी ऐकू आली. आमराईच्या मालकांच्या गावानं मरीआईचा गाडा काढला होता. रोगराई आली की लाकडाचा गाडा करायचा, त्यावर शेंदूर फासलेली देवी बसवायची, हिरवा चुडा, खण, लिंबं, कडुनिंबाचे डहाळे घालायचे आणि ओढत नेऊन पुढच्या गावच्या शिवेवर सोडून यायचं. सोडल्यावर मागं वळून पाहायचं नाही. पुढच्या गावानं तो त्याच्या पुढच्या गावाला पोचवायचा. त्यांनी तो आमच्या पालांपाशी सोडला आणि खाली माना घालून निघून गेले.

आता आम्ही तो न्यायचा कुठं? ज्यांचं गावच मागं राहिलं त्यांची शीव कोणती? विष्णुपंतांनी तोडगा काढला. ओढ्यापलीकडं पेमा नायकाची बंजाऱ्यांची पालं होती. तीही आमच्यासारखीच निजामाच्या हद्दीतून पळून आलेली माणसं. त्यांच्यात अजून पटकी नव्हती. गाडा तिकडं सोडायचा ठरलं आणि एकानंही नको म्हटलं नाही. आपल्या ताटातलं विष दुसऱ्याच्या ताटात सरकवायला आम्हाला पळभर जड गेलं नाही. संतराम म्हणाला, देवी कुठं जात नसते, ओढणारी माणसं रोग घेऊन जातात, म्हणून गाडा मी एकटाच नेतो. गाड्याला हात लावायला मनातून सगळेच भीत होते. हे ऐकून सगळ्यांना हायसं वाटलं आणि लोक पालांत शिरले.

दुसऱ्याच दिवशी पहाटे माझी गंगू पडली. चार वर्षांची पोर. तांबडं फुटेपर्यंत डोळे खोल गेले, बोटांची कातडी सुरकुतली. मी बायकोला, गोजरबाईला, बजावलं की घोटभरही पाणी द्यायचं नाही. सोनाजी गेला होता आणि आता ही. मग मला राहवलं नाही आणि मी संतरामकडं धावलो.

देग खळखळत होती. तिच्याखाली इतका जाळ मी कधी पाहिला नव्हता. राखेत चाकाची लोखंडी धाव लाल होऊन पडली होती आणि हळद लावलेल्या लाकडांचा ढीग अजून जळायचा होता. बाजूला, उंबराच्या बुंध्याशी, देवी नीट बसवलेली होती. तिच्यापुढं लिंबं आणि चुडा होता, वर डहाळ्याची सावली होती. मी काय पाहतोय ते संतरामनं पाहिलं.

“पाह्यलंस नं?” तो म्हणाला. “मंग आता पोरीला पाज.”

मी म्हणालो, गंगूला झालंय हे तुला कसं कळलं? तो म्हणाला, तुझ्या तोंडावर लिहिलंय. मग त्यानं मला शपथ घ्यायला लावली. गाडा ओढ्यापार गेला असं सगळे समजतायत, त्यांना तसंच समजू दे, नाहीतर हे पाणी कोणी तोंडाला लावणार नाही. मी गंगूची आण घेतली, की मेलो तरी कोणाला सांगणार नाही.

तो दिवसभर माझ्या पालात बसला. चमच्यानं पाणी, चमच्यानं पेज. पोर ओकायची, तो तोंड पुसायचा आणि पुन्हा चमचा भरायचा. गोजरबाई आधी रडत होती, मग तिनं चमचा त्याच्या हातातून घेतला. संध्याकाळी गंगूला लघवी झाली आणि तो लहान पोरासारखा हसला. नर्मदाबाई गेल्यापासून तो हसलेला मी पहिल्यांदा पाहिला.

गाड्याचं लाकूड चांगलं जुनं साग होतं, तीन दिवस पुरलं. चौथ्या दिवशी वाशिमहून लाकडाची गाडी आली. त्यानंतर कॅम्पात तीनच माणसं दगावली. बंजाऱ्यांच्या पालांत एकही नाही. लोक म्हणाले, देवी ओढा ओलांडून गेली. विष्णुपंतांनी देवीसाठी धरलेला उपास सोडला.

भादव्यात हिंदुस्थानची फौज आली आणि चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य मोडलं. आम्ही गावी परतलो. त्या पंधरवड्यात आमच्या भागात काय झालं हे सत्काराच्या भाषणात येत नाही. ज्यांनी सोनाजीला मारलं ते फौज यायच्या आधीच पळाले होते. जे सापडले त्यांनी काही केलेलं नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण लहानपणापासून ऐकत होतो, ती त्या दिवसांत उघड्या डोळ्यांनी पाहिली. आसपासच्या गावांतल्या मुसलमान बायाबापड्या, पोरं आणि तीन-चार म्हातारे नाक्याजवळच्या पडक्या सराईत येऊन बसले. बहुतेकींच्या घरचे पुरुष उरले नव्हते. त्यांच्यात अमिनाबी मनेरीण होती. आमच्या गावात असं एक मनगट नसेल ज्यात तिनं बांगडी भरली नाही. गोजरबाईचा लग्नाचा चुडाही तिनंच भरला होता.

सराईत हगवण सुरू झाली, मग पटकी. संतराम देग घेऊन तिकडं गेला. रोज सकाळी दोन कोस जायचा, संध्याकाळी परत यायचा. त्याच्या लेखी काही बदललंच नव्हतं. आधी नाक्याच्या त्या बाजूला पळून आलेली माणसं होती, आता या बाजूला होती.

मला मात्र ते सहन होईना. हे मी लपवत नाही. माझा भाऊ मेला ती खळ्यावरची जळकी जागा अजून काळी दिसत होती आणि हा माणूस त्या लोकांच्या पोरांची तोंडं पुसत होता. तेच त्याचे हात होते, ज्यांनी माझ्या गंगूचं तोंड पुसलं. तीच गोष्ट मला जास्त डाचत होती. मला वाटायचं, माझ्या पोरीचं काहीतरी तो तिकडं नेऊन वाटतोय.

आश्विनात मारुतीच्या पारावर बैठक बसली. विष्णुपंत म्हणाले, संतराम सराईतून रोग गावात आणील, त्यानं जाणं बंद करावं, नाहीतर गावानं त्याला विहिरीचं पाणी बंद करावं. पण बैठक पंतांच्या बाजूनं चालेना. एक जण उठला, म्हणाला, माझी आई यानं वाचवली. दुसरा म्हणाला, माझा पोरगा. मंजुळाबाई तर पारावर चढून पंतांना नाही नाही ते बोलली. सात घरं त्याच्या बाजूनं उभी राहिली. पंत बोटानं जानवं चाळवू लागले. संतराम खाली बसून होता, त्याला परत जायची घाई होती. बैठक मोडणार एवढ्यात मी उठलो.

“यानं मरीआई जाळली,” मी म्हणालो. “कॅम्पात. गाडा वढ्यापार गेलाच न्हाई. यानं जळतण केलं तिचं. म्या डोळ्यानं पाह्यलं.”

ज्याची आई वाचली होती तो मागं सरकून बसला. पंतांनी संतरामला विचारलं, हे खरं का? मी म्हणालो होतो ते अर्धं खोटं होतं. देवी त्यानं उंबराखाली बसवली होती, जाळला तो गाडा. एवढं सांगितलं असतं तरी त्याला आधार मिळाला असता. पण तो वाद घालत बसला नाही.

“व्हय,” तो म्हणाला. “गाडा जाळला.” माझ्याकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

मग पंतांना बळ आलं. त्यांनी प्रायश्चित्त सांगितलं. संतरामनं स्वतः नवा गाडा ओढत न्यायचा आणि सराईच्या दारात सोडून यायचा. तो उठून धोतर झटकत म्हणाला, ते माझ्याच्यानं व्हायचं नाही, आणि चालता झाला. त्या दिवसापासून त्याला विहीर बंद झाली. ज्यानं सत्तर घरांना पाणी पाजलं त्याचं पाणी तोडायला गावाला एक दुपार पुरली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा मी.

घरी आलो तर गोजरबाईला कळलेलं होतं. ती भाकरी थापत होती. हात थांबवून तिनं माझ्याकडं पाहिलं.

“सांगितलं तर समदं सांगायचं व्हतं,” ती म्हणाली. “त्या जाळावर तापलेलं पानी आपली गंगू प्याली, हे काहून न्हाई सांगितलं?”

तिनं भाकरी तव्यावर टाकली. गंगू कोपऱ्यात भातुकली मांडून बसली होती. मला एकदम आण आठवली. त्या दिवसापासून पोर शिंकली तरी माझा जीव खाली-वर होतो.

पुढच्या मंगळवारी गावानंच नवा गाडा काढला. गावात रोग नव्हता, तरी काढला. देवीला हिरवा चुडा हवा होता, पण चुडा देणारी अमिनाबी सराईत बसलेली, म्हणून देवी तशीच बुच्च्या हातांनी निघाली. आम्ही अकरा जण ओढत होतो. मीच सगळं उघड केलेलं असल्यानं मला पुढं धरलं होतं. सराईपुढच्या लिंबाखाली गाडा सोडला आणि फिरलो. मागं पाहायचं नसतं, पण मी पाहिलं. संतराम बाहेर आला होता. त्यानं गाड्याला हात जोडले, देवी उचलली आणि लिंबाच्या बुंध्याशी नेऊन बसवली. मग आत गेला, आतून कोणीतरी हाक मारत होतं.

तो पुन्हा गावात आला नाही, सराईतच राहिला. कार्तिकात बैल घेऊन जाणारा वसराम बंजारा माझ्या दारात थांबला. म्हणाला, संतरामला तेच झालंय, तुला बोलावून राहिला, लवकर जा. मी लगेच गेलो असतो, पण ओट्यावर चार माणसं बसली होती. त्यांच्यादेखत सराईची वाट कशी धरायची? उद्या बाजाराच्या निमित्तानं जाऊ असं मनाशी म्हटलं. उद्या गेलो. दुपार झाली होती आणि तो सकाळीच गेला होता.

पाण्यावाचून गेला नाही, एवढं अमिनाबीनं सांगितलं. तिनं त्याच्याच चमच्यानं शेवटपर्यंत पाजलं. पण महिनाभर दुसऱ्यांना पेज घालून स्वतः अर्धपोटी राहिलेलं शरीर, त्यात काही उरलं नव्हतं. त्याच्या अंगावर तिनं स्वतःची ओढणी घातली होती. तुम्हा लोकांत कसं करतात ते आम्हाला माहीत नाही, म्हणून थांबलो, असं ती म्हणाली. थोरल्या भावाकडं निरोप गेला होता. आला नव्हता कोणी.

लाकडं कोण देणार? मी सराईच्या आवारात फिरलो. लिंबाखाली आम्ही ओढत आणलेला गाडा तसाच उभा होता. या वेळी संतरामला जळतणाची गरज पडली नव्हती की हात लावावासा वाटला नव्हता, कोण जाणे. मी कुऱ्हाड मागून घेतली आणि गाडा फोडला. लाकूड पुरेना, तेव्हा सराईचं मोडकं दार काढून बायांनीच आणून दिलं. अग्नी मी दिला. दूर उभ्या राहून त्या बाया रडत होत्या. आमच्या गावचं एकही माणूस तिथं नव्हतं.

निघताना अमिनाबी जवळ आली. म्हणाली, तुमच्यासाठी एक बात ठेवून गेलेत.

“बोले थे, रामकिशन आया तो बोलना, तेरी कसम छोड दी. बच्ची को कुछ नै होता.”

एवढ्यासाठी बोलावलं होतं त्यानं मला. मी त्याला शिक्षा द्यायला लावली आणि तो मरताना माझ्या पोरीची काळजी करत होता. मी तिथं नाक्याच्या रस्त्यावर बसून रडलो.

गंगू बरी आहे. सराईतल्या बायांना सरकारी गाडी कुठंतरी घेऊन गेली. गाडा मीच फोडला आणि संतरामला अग्नी मीच दिला, हे गावाला मी अजून सांगितलेलं नाही. परवाचा हार गोजरबाईनं बैलाच्या दावणीला टाकला. नारळ कोनाड्यात आहे, तो घरात कोणी फोडत नाही.